मऊ हातांचं पिस्तूल

प्रिय मारिट,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, त्याबद्दल आधी आभार. न फोडता केरात टाकलं असशील तर प्रश्नच मिटला, मी भिंतीशी बोलतोय असं समजतो. ती सवय ईस्टरला तू बोलणं तोडलंस तेव्हापासून झालीच आहे मला. फोनवरचे माझे निरोप तू उघडत नाहीस हे दिसतं, म्हणून लॉयडमामाच्या गळ-बंदुकांच्या दुकानातला हा पिवळा कागद घेतला. वर ट्राउट माशाचं चित्र आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

जोलीनने मला सगळं सांगितलं. बहीण माझी असली तरी मैत्रीण तुझी, त्यामुळे मी तिला भरपूर छळलं तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. तिच्यावर रागावू नकोस. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीच्या शनिवारी नेमबाजीच्या क्लबवर पिस्तुलाने पिना पाडायचा जोड्यांचा सामना असतो, त्याला तू यंदा येणार नाहीस. तुझ्या बाबांनी फोनवर "या वर्षी आपण नाही, मला घोडे आहेत," एवढं सांगून विषय संपवला. आणि तू त्याचा अर्थ लावलास की सिअ‍ॅटलच्या इस्पितळातली नोकरी घेईन म्हणालीस म्हणून त्यांनी तुला जोडीतून काढलं. तू रडलीस असंही जोलीन म्हणाली. तुझा दात पडलेला फोटो अजून क्लबच्या भिंतीवर आहे. टेबलावर बोलिंगच्या पिना मांडलेल्या, डावीकडच्या त्यांच्या, उजवीकडच्या तुझ्या, आणि शेवटची पिन जमिनीवर पडेपर्यंत कुणीच श्वास घ्यायचा नाही. पंचक्रोशीत बाकी काहीही बदलू दे, ओडेगार्ड बापलेक त्या टेबलासमोर उभे राहणार, हे ठरलेलं. आणि म्हणे घोडे! ज्या माणसाचा जन्म घोड्यांना नाल ठोकण्यात गेला, त्याला नेमके त्याच शनिवारी घोडे कसे आडवे आले? मीही चक्रावलो होतो.

उत्तर अचानक दुकानात चालत आलं. मामा तळ्यावर मासे धरायला गेला होता आणि गल्ल्यावर मी एकटा. (हो, अजून इथेच आहे. कॉलेजचं नाव काढू नकोस. त्या प्राध्यापकाने सगळ्यांसमोर माझ्या आकृतीला 'कोंबडीने काढलेली' म्हटलं, आणि माझं डोकं कसं आहे तुला माहीत आहे. आधी काडी ओढायची, मग पेट्रोल कुठे सांडलंय ते बघायचं.) तर तुझे बाबा आले. गाडी त्यांनी दुकानाच्या मागे लावली होती, गावाला दिसू नये अशी. मी तुमची टपालपेटी गाडीखाली चिरडली तेव्हापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. आत येऊन म्हणाले, "लॉयड आहे?" म्हटलं, नाही. "बरं झालं." मग बराच वेळ गळांच्या फडताळासमोर उभे राहिले. ज्यांनी आयुष्यात मासा धरला नाही ते! शेवटी गळांकडेच बघत म्हणाले, "एक पिस्तूल दाखव. बोलू नकोस, नुसतं दाखव."

मी त्यांना कॉफी दिली. त्यांनी कप कानाने धरला नाही, दोन्ही तळव्यांत उचलला, लहान मूल दूध पितं तसा. ते मी बघितलं, आणि मला वाटलं आपण फार हुशार. हात थकलाय काय, मग हलकं द्यावं. कपाटातलं सगळ्यात छोटं, पिसासारखं पिस्तूल काढलं, उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि त्यांच्या हातात दिलं. इथे येणारा प्रत्येक नवरा बायकोसाठी हेच मागतो, आणि ती बायको पुढच्या आठवड्यात ते परत आणते. रोज बघूनही मी तीच चूक केली. मागच्या चांदमारीवर गेलो, कानावर टोप्या चढवल्या, त्यांनी एक गोळी झाडली. पिस्तूल त्यांनी अगदी नीट टेबलावर ठेवलं, माझ्याकडे पाठ केली आणि दोन्ही हात काखेत दाबून उभे राहिले. तसेच म्हणाले, "हे पिस्तूल आहे की खेचर? आणि खेचराच्या लाथा मी पैसे घेऊन खातो रे."

मग बोलले. मला बोलू नकोस म्हणाले होते, आणि स्वतःच बोलत सुटले. तुझ्या आजोबांचं ते रिव्हॉल्व्हर आता त्यांना चालवता येत नाही, मारिट. त्याचा चाप लांब आणि जड. मार्चमध्ये सरावाला गेले तेव्हा बोट अर्ध्यावर अडकलं, पुढे जाईना. मागचा खटका अंगठ्याने चढवून बघावा, तर अंगठा वळत नाही. बोटांची पेरं अक्रोडासारखी झाली आहेत. मार्चमध्ये, लक्षात घे. तू सिअ‍ॅटलचं बोललीस ईस्टरला, म्हणजे एप्रिलात. तेव्हा ते रिव्हॉल्व्हर कधीच फडक्यात गुंडाळून कपाटात गेलं होतं.

त्यानंतर आमची शाळा भरली. मामाचा जो वार मासळीचा, तोच तुझ्या बाबांचा पिस्तुलाचा. मी हलक्याचा नाद सोडला आणि पूर्ण आकाराची, वजनदार पिस्तुलं काढली, कारण वजन धक्का पिऊन टाकतं, हाताला थोडाच उरतो. एकाची मूठ इतकी जाड की त्यांचं बोट चापापर्यंत पोचेना. "हे खांबाला मिठी मारल्यासारखं आहे." एकाची मूठ छान, पण मागची कड अंगठ्याच्या बेचक्यात चावायची. एकाचा चाप तर असा, की चिखलात रुतलेला गमबूट उपसावा. "अजून येतोय," ते ओढता ओढता म्हणाले, "जेवणापर्यंत येईल." मी हसलो. तेही हसले, मारिट. तुझे बाबा माझ्यासमोर हसले, आणि साक्षीला कुणी नाही! पिस्तुलावरची सरकती स्लाइड मागे ओढायला त्रास व्हायचा, तेव्हा मी सांगितलं, नळी समोरच ठेवा, डाव्या हाताने स्लाइड नुसती घट्ट धरा आणि उजव्याने मूठ पुढे ढकला. त्यांनी केलं. जमलं. मग म्हणाले, "हे कॉलेजात शिकवलं?" म्हटलं, नाही, मामीने. "तरीच."

आणि मग डेल शोबर्ग आला. तोच तो, दर वर्षी तुमच्याकडून हरणारा आणि दर वर्षी वाऱ्याला दोष देणारा. गोळ्या घ्यायला म्हणून दार ढकलून आत, आणि नेमकी तेव्हाच तुझ्या बाबांची स्लाइडवरची पकड निसटली. डेल तिथूनच ओरडला, "काय व्हर्लिन, गंजलास की काय? बायकांचं कपाट पलीकडे आहे बरं का!" माझ्या डोक्यात जाळ झाला. एक हात गल्ल्यावर टेकला होता, पलीकडे उडी मारायचं बाकी होतं. तेवढ्यात तुझे बाबा मान वर न करता म्हणाले, "माझ्यासाठी कुठे? या पोरासाठी निवडतोय. कॉलेजात राहून हात लोण्याचे झालेत याचे. स्लाइडसुद्धा ओढवत नाही बिचाऱ्याला. दाखव रे डेनी यांना." आणि पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्या नजरेत, तुझ्या बाबांना ती येतच नाही. नुसती वाट बघत होते. मी पिस्तूल उचललं, भिंतीकडे तोंड केलं आणि ओढलं. म्हणजे ओढलं नाही. दात खाल्ले, कण्हलो, तोंड लाल करून घेतलं, आणि स्लाइड तसूभरही हलू दिली नाही. डेल टेबलाला धरून हसला. "दोन वर्षं फी भरली ती यासाठी का रे?" मी म्हटलं, "काय करणार मिस्टर शोबर्ग, तिथली पुस्तकं फार पातळ असतात." तो डोळे पुसत गेला, गोळ्या विसरून. दार बंद झाल्यावर तुझे बाबा एवढंच म्हणाले, "कण्हणं जरा जास्त झालं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. आता कॅफेतली बाई माझ्यापुढे पॅनकेक ठेवून विचारते, कापून देऊ का राजा? पेट्रोलपंपावर माझ्यासाठी टाकीचं झाकण उघडून देतात. न्हाव्याने विचारलं की कात्रीचा आवाज सहन होईल ना. पूर्वीचा डेनी असता तर आतापर्यंत चार जणांशी मारामाऱ्या झाल्या असत्या. मी मात्र हात पुढे करून दाखवतो, म्हणतो, बघा ना, बाळासारखे आहेत. त्यामुळे व्हर्लिन ओडेगार्ड रोज दिवसाउजेडी, पुढच्या दाराने, ताठ मानेने दुकानात येतो, लोण्याच्या हाताच्या पोराला पिस्तूल निवडून द्यायला. कुणाला कसलाही संशय नाही.

सापडलं ते गेल्या आठवड्यात. अख्खं पोलादी, जुन्या वळणाचं, मूठ सडपातळ आणि मागे वर चढलेली, त्यामुळे हात आपसूक उंच बसतो. स्प्रिंग मवाळ. आणि चाप! आधी कणभर ढिलाई, मग एक स्वच्छ भिंत, आणि भिंतीवर बोट टेकवून नुसता विचार केला की कट्, सुकी काडी मोडावी तसं. तुझ्या बाबांनी पहिल्यांदा रिकामंच ओढून बघितलं. मग पुन्हा. मग डोळे मिटून पुन्हा. त्यांनी भरलं, आणि मांडलेल्या पिना एकामागून एक उडाल्या, जुन्या दिवसांसारख्या. फक्त एक भांडण झालं. याची गोळी लहान, ती पिनेला फार लांब ढकलत नाही, म्हणून नियमाप्रमाणे पिना टेबलाच्या मागच्या कडेला मांडायच्या. ते म्हणाले, मागच्या कडेला बायका आणि पाद्री मांडतात. मी म्हटलं, मारिट तिथेच मांडते आणि तुमच्या आधी संपवते. यावर एक पिन माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "मांड."

त्या दिवसापासून जाताना माझ्या गाडीत मक्याची कणसं ठेवलेली असतात. कोण ठेवतं विचारायचं नाही. पिस्तूल पुसता पुसता ते अधूनमधून तुझ्यावर येतात. सिअ‍ॅटलला पाऊस फार असतो का रे? तिथे चांगले बूट मिळतात की इथून घेऊन द्यावेत? इस्पितळात रात्रपाळी असेल तर पोरगी जेवते कधी? रागावलेला बाप बुटांची चौकशी करत नाही, मारिट. एकदा मी सरळच विचारलं, की मग तिला सांगत का नाही? तर म्हणाले, "आणि तिने नोकरी सोडली तर? नर्स आहे ती. माझे हात बघितले की सामान परत लावेल, इथल्या दवाखान्यात चिकटेल, आणि मी मरेपर्यंत मला उकडलेल्या भाज्या घालेल. तिने जायला हवं."

आता खरं काय ते. काल टेबल पुसताना ते म्हणाले, "शनिवारी जोडीदार लागतो. उभा राहतोस का?" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. त्या माणसाने मला आपल्या शेजारी उभं करावं म्हणून मी काय काय केलंय, तुला माहीतच आहे, टपालपेटीसुद्धा मी त्यांना सलाम करण्याच्या नादातच पाडली होती. घरी येईपर्यंत गाडीत मोठमोठ्याने गात होतो. आणि फाटकाशी गाडी थांबवली तेव्हा लक्षात आलं की ती जागा रिकामी नाहीच, ती तुझी आहे, आणि तिथे उभं राहिलो तर तू जन्मभर समजशील की बाबांनी तुला काढून तिथे दुसऱ्याला घेतलं, तेही मला. त्यांनी मला शपथ घातलीय. मारिटला कळलं तर तुझ्या तळव्याला नाल ठोकीन म्हणाले, आणि तापवून ठोकीन. मी हात मिळवून शब्द दिला होता, हळूच मिळवला. आज तो मोडतोय. ते मला घराच्या दारातही उभं करणार नाहीत, माहीत आहे. तरी तू ये. शुक्रवारी संध्याकाळी पोच, सुट्टी मिळाली म्हण, त्यांच्या हातांकडे बघू नकोस. मी पिना मांडायला असेन, कुणी विचारलं तर माझे हात दुखतायत. आणि एक गोष्ट कर, निघायच्या आधी सिअ‍ॅटलच्या नोकरीवर सही करून टाक. मग त्यांना काही लपवावं लागणार नाही, आणि मलाही तुला "राहा ना" म्हणता येणार नाही. कारण सही न करता आलीस तर मी म्हणेन, मारिट. माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही.

तुझाच (हे हाताने आपसूक लिहिलं, खोडत नाही),
डेनी