चोवीस आरे

राजारामपुरी, कोल्हापूर
१८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास पूर्णिमाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र परत डबीत जाऊन बसलंय असं कळलं. म्हणजे मी फोनवर इथून ओरडायचं आणि ते खालच्या क्लासमधल्या पोरांनी ऐकायचं. त्यापेक्षा पत्रच बरं. तुलाही तेच पाहिजे असतं, मला काय माहीत नाही होय!

श्रुती गेल्या रविवारी पुण्याहून बाळंतपणाला आली. आठवा सरत आलाय. तब्येत उत्तम, तोंड त्याहून उत्तम. बाळासाठी रोज दारात एक खोकं येऊन पडतंय. मी म्हटलं, पहिला कपडा मी माझ्या हातानं शिवणार, तोही तुझ्या पणजीच्या जुन्या लुगड्यातून. तर म्हणाली, जुनं कशाला, नवं घ्यायची ऐपत नाही का आपली? आता हिला काय सांगू? जुन्या माणसाच्या अंगाला लागून मऊ झालेलं कापड तान्ह्याला पहिलं घालावं, म्हणजे त्या माणसाचं आयुष्य त्याला लागतं, हे मी तुझ्याकडूनच ऐकलेलं. खरंखोटं तू जाणे, पण मला ते करायचंच आहे. डोक्यावरून पाठीवर उतरते ती कुंची आणि दोन दुपटी. मोबाईलवर बघून कुंची बेतली, ती उशीचा अभ्रा झाली. माप कळव.

आमचे दादा, म्हणजे तुझे बंधुराज, ठणठणीत आहेत. हातकणंगल्याहून जोंधळ्याची धाटं मागवून पणतवंडासाठी बैलगाडी करत बसलेत. घरभर कचरा. शिवाय १४ ऑक्टोबरच्या दीक्षादिनाची तयारी आत्तापासून चालू. परवा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी ऐकवलं, की आमच्या आईनं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली ती पेटीतल्या लुगड्यात, आणि घरी येऊन पदराच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्यानं धम्मचक्र घातलं. बाईला अक्षर येत नव्हतं, पण आरे मोजा, बरोबर चोवीस! तो बिचारा डोक्यावर टाकी घेऊन मान डोलवत होता.

माझ्यावर माया आहेच, जरा मापंही पाठव.

तुझी,
पूर्णिमा


आजरा
२५ ऑगस्ट २०२५

चि. पूर्णिमा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कुंचीचा अभ्रा केलास हे वाचून नवल वाटलं नाही. चौथीत तू रुमाल शिवायला घेतलेलास आणि तो स्वतःच्याच परकराला शिवून टाकलेलास. मी तुझी बाई होते, म्हणून पास झालीस.

नीट वाच. कुंचीला लांबी सव्वादोन वीत, रुंदी दोन वीत, वीत तुझी, श्रुतीची नाही. कापड आधी रिठ्याच्या पाण्यात भिजव, दोन उन्हं दे. मशीन लावू नकोस. हातानं बारीक धावदोरा घाल आणि शिवण बाहेरच्या अंगाला ठेव, आत आली की तान्ह्याला टोचते. नाडी कापडाचीच कर. बटण अजिबात नको.

कापड दादाच्या पेटीत मिळेल. दोन गठुडी आहेत. आई शेवटी शेवटी पांढरीच पातळं नेसायची, ती लाल चौकड्याच्या पंच्यात बांधलेली आहेत. त्यातलं एक घे. पांढऱ्या फडक्यातल्या गठुड्याला मात्र हात लावू नकोस, ते दीक्षेचं लुगडं. दादाला त्याचा वाससुद्धा ओळखू येतो म्हणे.

इकडे भात बरा आहे. मी बरी आहे. यंत्र कानात घातलं की शेजारची तानाबाई काय काय बोलते ते सगळं ऐकू येतं, म्हणून घालत नाही. श्रुतीला माझ्या वाटणीचा एक धपाटा आणि दोन आशीर्वाद.

तुझी,
आत्या


राजारामपुरी
१० सप्टेंबर २०२५

ती. आत्यास जयभीम.

वि. वि. काही नाही. आत्या, माझ्या हातून वाईट झालं. कुठल्या तोंडानं सांगू, पण तुला नाही तर कुणाला सांगणार?

तू सांगितलंस तसं दादा फिरायला गेल्यावर लाल चौकड्याचा पंचा सोडला. आत एकच पांढरं लुगडं होतं. मला वाटलं, बाकीची कुणाला तरी दिली असतील. घडी न मोडताच धुतलं, उन्हात घातलं आणि तशीच कात्री चालवली. एक कुंची शिवून झाली, दुपटी बेतून झाली. उरलेला तुकडा उलगडला तर घडीच्या आतल्या अंगाला निळा दोरा. अर्धं चक्र ह्या तुकड्यावर, अर्धं त्या तुकड्यावर. दोन्ही तुकडे जुळवून आरे मोजले. चोवीस.

मग पांढरं गठुडं सोडलं, तर त्यात आजीची रोजची पातळं. संध्याकाळी आडून आडून दादांना विचारलं. ते म्हणाले, दीक्षेच्या लुगड्याचं फडकं कसरीनं खाल्लेलं, म्हणून जुलैत त्याला पंच्यात बांधलं आणि पातळांना ते फाटकं फडकं गुंडाळलं. तुला कळवायचं राहिलं असणार. त्यांचा तरी काय दोष?

मी त्या पंच्यात जुनी चादर घालून ठेवली आहे, गठुडं हलकं लागू नये म्हणून. बघ मी कुठल्या थराला गेले. दादा येता जाता पेटीवर हात फिरवतात. श्रुतीचे दिवस भरत आलेत, तिला सांगवत नाही. १४ ऑक्टोबरला माणसं जमणार, दादा पंचा सोडणार आणि आत आपल्या घरातली गुलाबाच्या फुलांची चादर निघणार. ऐंशी वर्षांचं माणूस आहे गं. त्यांच्याकडे आजीचं असं तेवढंच होतं. त्यांना सोसलं नाही तर मी काय करू?

वाट्टेल तेवढं बोल, पण लवकर लिही.

पूर्णिमा


आजरा
१६ सप्टेंबर २०२५

चि. पूर्णिमास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. मग दार लावून घेतलं आणि रडले. आता चहा घेऊन लिहायला बसले आहे. तूही आधी काहीतरी खाऊन घे, मगच पुढचं वाच.

तू कापलंस ते आईचं लुगडं नव्हतंच.

तू शहात्तरच्या डिसेंबरात झालीस, सातव्या महिन्यात. ओंजळीत मावशील एवढी होतीस. वहिनी तापानं फणफणलेली, दादा लष्करात, दूर सरहद्दीवर. तुला गुंडाळायला घरात मऊ कापड नव्हतं, जे होतं ते जाडंभरडं. आईचं दीक्षेचं लुगडं तेवढं वीस वर्षं प्रत्येक जयंतीला नेसून, धुऊन सायीसारखं झालेलं. दादानं मागच्या रजेवरून जाताना बजावलेलं, आई, हे आता नेसायचं नाही, जपून ठेवायचं. आईनं ते पेटीतून काढलं आणि माझ्या हातात कात्री दिली. मी म्हटलं, दादा काय म्हणेल? तर म्हणाली, "ह्या लुगड्यात मी माणूस झाले. पोरगी बी ह्यातच माणसात येऊ दे."

मी कापलं. तुझी कुंची केली, दुपटी केली, चक्राचा कोपरा तुझ्या छातीवर येईल असं बेतलं. तू जगलीस. पहिल्याच दिवशी ते लुगडं तू ओलं केलंस, हेही लिहून ठेवते.

पण दादाचा राग तुला माहीत आहे. तो रजेवर यायच्या आत मी गडहिंग्लजच्या बाजारातून पांढरं लुगडं आणलं. नवं दिसू नये म्हणून महिनाभर घरात नेसले, रिठ्यात उकळलं, राखेत घासलं. मग चक्र घातलं. आई बघून हसत होती. तिच्या चक्राला एकोणीसच आरे होते, एक बाजू मोकळी. तिला मोजता येत नव्हतं. मी पडले मास्तरीण, माझ्या हातून चूक कशी होणार? पुस्तकात बघून मोजून चोवीस घातले. तीच माझी चोरी. दर वर्षी दादा माणसांपुढे चोवीस म्हणाला की माझ्याकडं बघतो, आणि मी चहाच्या कपबशा गोळा करत आत पळते. अठ्ठेचाळीस वर्षं पळते आहे. आई गेली तेव्हा सांगावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

तेव्हा रडू नकोस. तुझ्या नातवंडाला माझं नेसलेलं कापड मिळालं, आणि मी पंच्याहत्तरीतही धडधाकट आहे. सोबत आईचा खरा कोपरा पाठवते. तुझं दुपटं फाटल्यावर एवढाच काढून ठेवलेला. कुंचीवर लाव. दादाला मीच सांगेन, १४ ऑक्टोबरला येऊन, सगळ्यांसमोर. तू मध्ये पडू नकोस.

अपराधी तरीही तुझी,
आत्या


राजारामपुरी
३० सप्टेंबर २०२५

ती. आत्यास जयभीम. वि. वि.

२३ तारखेला पहाटे श्रुतीला मुलगी झाली. पावणेतीन किलो, नाक दादांचं, आवाज तुझा. दोघी सुखरूप. खोक्यातलं विकतचं झबलं घातल्याबरोबर तिनं दवाखाना डोक्यावर घेतला, कुंची घातली आणि झोपली. आता श्रुतीच विचारते, आई, दुसरी कधी शिवतेस?

कोपरा मी कुंचीच्या मागच्या बाजूला लावला. लावताना किती वेळ नुसती हात फिरवत बसले. मी ह्यात गुंडाळलेली होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं गं. तुझ्यावर रागवावं की तुझ्या पाया पडावं कळेना, शेवटी दोन्ही उधार ठेवलं.

आता ऐक. काल बाळाला दादांच्या मांडीवर दिलं. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, पाठीवर हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. चष्मा मागितला. बराच वेळ बघत होते. मी भिंतीला टेकून उभी. मग त्यांनी कागद आणि पेन मागितलं आणि खोलीत जाऊन बसले. आज सकाळी हे बंद पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, आजऱ्याला बाळीला पाठव, तू उघडू नकोस. मी उघडलेलं नाही. माझा जीव टांगणीला लागलाय. वाचलंस की तानाबाईच्या फोनवरून लगेच कळव.

तुझ्या मायेची सवय असलेली,
पूर्णिमा


राजारामपुरी
२९ सप्टेंबर

चि. बाळीस जोतीरामचा जयभीम आणि आशीर्वाद.

हात कापतोय, अक्षर लावून घे. मास्तरीण हाईस, जमंल तुला.

आज पणतीच्या कुंचीवर आईचं चक्र बघितलं. निळा रंग उडालाय, पण वळखलं. बोट फिरवून मोजलं. एकोणीस. पूर्णी समोर तोंड एवढंसं करून उभी. तिला वाटलं, म्हातारा आता पेटतोय.

बाळे, मला सत्त्याहत्तर सालापासनं ठावं हाय. रजेवर आलतो, तवा परड्यात वलणीवर पूर्णीचं दुपटं वाळत हुतं. तू पळत येऊन काढून नेलंस, पर तवर माझं मोजून झालतं. मग पेटी उघडली, तर चोवीस. तवाच कळलं ही करामत कुणाची. आई असलं सरळ टाकं कधी घालत न्हवती.

मग गप का बसलो, ते लिहायला बसलोय. हे आजवर कुणाला सांगितलं न्हाय. आई नागपुरासनं आली आणि निळ्या दोऱ्याचं रीळ घेऊन वसरीला बसली. मी अकरा वर्षांचा, तू सहाची. सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं. एक दिस ती पाण्याला गेली आणि मी ते रीळ पतंगाला लावलं. पतंग तुटून वड्याच्या पल्याड गेला, दोरा बी गेला. आईला मोजता येत न्हवतं असं तू समजत असशील. येत हुतं. पाच आरं माझ्या पतंगाबरोबर गेलं. तिनं मारलं न्हाय. एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आपलं चक्र एकोणीस आऱ्यांवर बी फिरंल." त्यापरीस मार दिला असता तर बरं झालं असतं.

तुझं चोवीस आऱ्यांचं बघितलं आणि वाटलं, बाळीनं माझी चूक झाकली. म्हणून दरसाली चोवीस चोवीस सांगत बसलो. तुला वाटलं तुला टोचतोय. न्हाय गं. मी माझ्यावर पांघरूण घालत हुतो.

पूर्णीनं पंच्यात चादर भरून ठेवलीया, ती मी कवाच बघितली. गुलाबाची फुलं हाईत. तिला म्हणावं, जेव नीट.

१४ तारखेला ये. यंत्र कानात घालून ये, मला ओरडायचं न्हाय. यंदा पेटी उघडायची न्हाय, पोरगीच मांडीवर घेऊन बसायची. येताना निळा दोरा आण. आईच्या चक्राला एका अंगाला पाच आऱ्यांची जागा अजून मोकळी हाय. मला आता सुईचं भोक दिसत न्हाय, तवा ह्या खेपेला दोरा तू ओव. टाकं मी घालतो.

हाय ती माया तशीच ऱ्हाऊ दे.

तुझा,
दादा