मेंढरं मोजायची नोकरी

शिरूर (घोडनदी), मे १९६४

बद्रुद्दीन मामूंच्या सेवेशी, वजीरचा सलाम आणि कदमबोसी. (शाळेत 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं, अब्बांनी 'कदमबोसी' शिकवली, इंजिनियरिंगच्या कॉलेजात यातलं काहीच शिकवत नाहीत, म्हणून चुकलं असेल तर दोष कॉलेजचा समजा.)

मामींची कंबर आता कशी आहे? तुमच्या रेल्वेच्या शेडमधली इंजिनं तरी धडधाकट असावीत. अम्मी आज तुमच्याकडेच आली आहे. तिच्या हाती हे पत्र द्यायचा धीर झाला नाही, म्हणून ती एस.टी.त बसल्यावर लिहायला घेतलं. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

सुट्टीत रस्त्याच्या खात्यात शिकाऊ म्हणून लागलो, वर पगारही मिळणार, हे अम्मीनं अख्ख्या घोडनदीला सांगितलंच होतं. दौंडच्या शेडमध्ये चिकटवतो असं तुम्ही म्हणाला होता, पण मला तेव्हा कोळशाची किळस आली. या कामाचा दाखला मिळाला की शेवटच्या वर्षात बसायला मिळणार, ते वर्ष झालं की नोकरी, आणि नोकरी लागली की तुम्ही तुमच्या नजमुन्निसाचा आणि माझा विषय अम्मीजवळ काढणार, असं आपलं ठरलं होतं. म्हणजे माझी सगळी जिंदगी त्या एका दाखल्याला टांगलेली होती. (खुंटी पक्की आहे का, हे पाहायला इंजिनियरच लागतो असं नाही.)

तर मला न्हावऱ्याच्या वाटेवर एका बाभळीखाली बसवलं. काम एवढंच, की रस्त्यानं काय काय जातं ते मोजायचं. ट्रक, बैलगाड्या, सायकली, गुरं, मेंढरं. यावरून म्हणे रस्ता किती रुंद करायचा ते ठरतं. माझ्या डोक्यावर छत्री, डोळ्यांवर गॉगल, आणि तिसऱ्या वर्षाचा ताठा. ऊन मात्र तिन्हींना जुमानत नव्हतं.

तिथं परवा गेणबा धनगर आपला कळप घेऊन आला. काय मोजताय म्हणून त्यानं विचारलं आणि मी शहाण्यानं खरं ते सांगितलं. त्यानं जागीच कळप थोपवला. "मेंढरं कुनी मोजतं व्हय, पाव्हणं? नदर लागती. आमच्या आज्यानं बी कवा मोजली न्हाईत." मी म्हटलं, सरकारी काम आहे. "मंग सरकार उठंस्तवर मी बी बसतो," म्हणाला, आणि भर रस्त्यात बसून त्यानं चिलीम पेटवली. आता एखाद्यानं अंदाजानं आकडा टाकला असता आणि घरी जाऊन जेवला असता. मला प्रामाणिकपणा नडला. (तो अब्बांकडून आला, तुमच्या बाजूला हा आजार नाही, याचा मला हेवा वाटतो.)

कळपामागं कांद्याच्या गाड्या तटल्या, त्यामागं ट्रक, ट्रकमागं एस.टी. बसमधल्या बायका मला शिव्या द्यायला लागल्या, गेणबाला कोणी एक शब्द बोलेना. शेवटी ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "ओ इंजिनियर, तोंड फिरवा की तिकडं!" गेणबालाही ते पटलं, पण त्यानं डोळे मिटायचीही अट घातली. मी बाभळीकडं तोंड करून, डोळे घट्ट मिटून उभा राहिलो. मागून मेंढरं चालली, धुरळा उडाला, घंटा वाजल्या, आणि त्यातच एक जीप थांबल्याचा आवाज आला.

साहेब तपासणीला आले होते. रस्ता बघायला ठेवलेला पोरगा झाडाशी तोंड लावून डोळे मिटून उभा, आणि मागं कधी नव्हे ती वाहनांची रांग! मी सगळं खरंखरं सांगितलं. ते हसले असते तर बरं झालं असतं. उद्यापासून येऊ नका म्हणाले, दाखल्याचं नावही काढू नका म्हणाले. म्हणजे वर्ष गेलं. मामू, मला फार वाईट वाटतंय. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

मामींना आणि सर्वांना सलाम.

आपला भाचा,
वजीर

ता. क. : शेडमधली जागा अजून आहे का? उरलेल्या सुट्टीत तिथला दाखला मिळाला तर कॉलेज चालवून घेईल. तोंड काळं व्हायचंच होतं, तर ते दौंडच्या कोळशानं झालेलं बरं.

ता. क. दुसरा : खरं विचारायचं होतं ते हे. नजमुन्निसाला नगरच्या लोकांनी पाहिलंय असं कानावर आलं. त्यांना एवढ्यात होकार देऊ नका. एकच वर्ष थांबा.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात अम्मी संध्याकाळच्या गाडीनं परत आली. पदराला मिठाई बांधून आणली होती. नगरचं पक्कं झालं म्हणाली. मुबारक असो, मामू. वरचं सगळं वाचलं नाही असं समजा. लग्नाला मी येईन, मांडवाच्या दाराशी उभा राहून पाहुण्यांना वाट दाखवीन. फक्त वऱ्हाड किती आलं ते मला विचारू नका. गेणबा म्हणतो, मोजलं की नजर लागते. नजमुन्निसा सासरी निघेल तेव्हा मी तोंड फिरवून उभा राहीन.