बिननावाचे नऊ कप

प्रिय कदम सर,

उद्या अकरा वाजता सुमनवहिनी स्टुडिओत येणार आहेत, म्हणून आज लिहायला बसले. त्यांना तोंड दाखवण्याआधी तुमच्याशी बोलणं भाग आहे. रविवार आहे, कॉलेजात चिटपाखरू नाही. तुमच्या मातीकामाच्या चाकापाशी बसलेली नाही, काळजी नको. खिडकीजवळच्या माझ्या टेबलावरच आहे.

खरं सांगू का? तुम्ही गेल्यापासून या इमारतीत माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी उरलेलं नाही. मुलांशी हिंदी, ऑफिसात हिंदी, आणि घरी मी मराठीत विचारते तर मुलगा हिंदीत उत्तर देतो. सांगलीहून लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा तुमच्या मराठीला मी किती हसायचे. "मॅडम, चहा पिऊन घ्या, थंडा होऊन राहिलाय," असं तुम्ही म्हणालात की मी दुरुस्त करायची, आणि तुम्ही म्हणायचात, "तुमची मराठी महाराष्ट्राची, आमची ग्वाल्हेरच्या लष्कर मोहल्ल्याची. दोन्ही चालतात." आता ती चुकीची मराठी ऐकायला मिळावी म्हणून मी काय वाटेल ते देईन. परवा तर महाराज बाड्याच्या चौकात दोन बायका मराठीत भांडत होत्या, तिथे उगाच पाच मिनिटं उभी राहिले.

मुद्द्यावर येते. टाळत होते, तुम्ही ओळखलंच असेल.

आपल्या स्टुडिओचा नियम तुमचाच. सत्र संपलं की फळ्या रिकाम्या करायच्या, आणि ज्या कच्च्या भांड्याच्या तळाला नाव कोरलेलं नसेल ते पाण्याच्या टबात टाकायचं. भाजलेलं नाही, म्हणजे माती अजून मातीच आहे, विरघळेल आणि पुढच्या मुलांना मळायला मिळेल. मुलं रडायची, तुमचं मन द्रवायचं नाही. पण तुम्ही स्वतः कधी नाव कोरलंत का? बारा वर्षं मी सांगत आले. "माझं काम सगळे ओळखतात," हे तुमचं उत्तर. त्या उत्तराचा मला आज राग येतो, सर. कशाला इतका भरवसा ठेवलात?

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गेलात. कॉलेज उघडलं त्या दिवशी मला वर्गात काही शिकवणं शक्य नव्हतं, म्हणून फळ्या रिकाम्या करायला घेतल्या. कामाला जुंपून घेतलं की रडू येत नाही, एवढाच हिशेब. अगदी वरच्या फळीवर, मागे, वर्तमानपत्राखाली नऊ कप होते. तळ कोरे. जाड काठ, रुंद तोंड, बूड असं जड की कप हातात घेताच मनगट खाली जावं. कपांच्या भिंतीला बोटांचे लाटांसारखे वळ. मला वाटलं, पहिल्या वर्षाच्या कुणाचे तरी.

आणि मी एवढ्यावर थांबले नाही. त्यातला एक उचलला आणि मुलांना बोलावून म्हणाले, "देखो, कप ऐसा नहीं बनता. इतना मोटा किनारा? हाथ काँप रहा था क्या?" मुलं हसली. मीही हसले. मग एकेक करून नऊच्या नऊ टबात सोडले. सुकी माती पाण्यात गेली की बुडबुडे येतात, बारीक सूं आवाज होतो. तो आवाज मी कौतुकाने ऐकत उभी होते.

दुपारी शीला फरशी पुसायला आली. तिने रिकामी फळी बघितली आणि विचारलं, "मैडम, सर के कप कहाँ गए?"

मी म्हटलं, कुठले कप?

"वो सुबह सात बजे आते थे न, मुझसे ताला खुलवाते थे. बोले थे, मैडम को मत बताना."

का नाही सांगायचं मला? तुमचे हात थरथरत होते हे मला कळलं असतं तर मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला? जून महिन्यात तुम्ही म्हणालात, "कंध्यात दर्द आहे, डेमो आता तुम्हीच द्या." मी विश्वास ठेवला. नुसता विश्वासच नाही, मला आनंद झाला. बारा वर्षांनी सगळ्या वर्गासमोर मोठ्या चाकावर मी बसणार होते. त्या आनंदात तुमच्या हातांकडे बघायला मला फुरसत नव्हती. माती कापायची तार आणायला आपण टोपी बाजारात गेलो होतो, तेव्हा पैसे तुम्ही मला काढायला लावलेत. तेव्हाही मी चिडवलंच तुम्हाला, आता पाकीटही उचलवत नाही का म्हणून.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "वीणाताई, घरी यांच्या हातून चहा सांडायचा, मग चिडून जायचे. बोलायचे, थांब, मला पकडता येईल असा कप बनवून राहिलोय. झाला होता का तो? झाला असेल तर मला पाहिजे."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "या रविवारनंतर" असं काहीतरी म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र सगळं लख्ख कळलं. ते बूड जड होतं कारण कप हलू नये. तोंड रुंद होतं कारण कप दोन्ही हातांनी धरता यावा. काठ जाड होता कारण तो ओठावर नीट टेकावा, चहा अंगावर येऊ नये. ज्याला मी वर्गात चूक म्हणाले, ते तुमचं सगळ्यात विचार करून केलेलं काम होतं, आणि बारा वर्षं शेजारी बसून मला ते वाचता आलं नाही.

मग मी जे केलं तेही सांगून टाकते. त्या टबातली माती काढली, पसरून सुकवली, मळली आणि चाकावर बसले. ती निव्वळ तुमची नव्हती, मुलांची दोन-चार भांडी त्यातच विरघळली होती. तरी बसले. रुंद तोंड, जाड काठ, जड बूड, सगळं आठवून आठवून नऊ कप काढले. सगळे सरळ आले. डोळे मिटून एक काढला, तोही सरळ. मग मुद्दाम हात हलवून एक बिघडवला, आणि त्याच्याकडे बघून मला माझीच किळस आली. तो तिथल्या तिथे मोडला.

शीला म्हणाली, "यही दे दीजिए मैडम. भाभीजी को क्या पता चलेगा?" ती वाईट मनाने म्हणाली नाही. तीन दिवस मीही तोच विचार करत होते. वहिनींना समाधान मिळेल, माझी सुटका होईल, आणि तुम्ही काही सांगायला येणार नाही. पण आज सकाळी येऊन त्या सगळ्या कपांच्या तळाला मी माझं नाव कोरलं. खोल कोरलं. आता मनात आलं तरी ते तुमचे म्हणून देता येणार नाहीत.

सर, मला एकटं वाटतं. चार वाजले की दोन चहा सांगायला तोंड उघडतं आणि मग मी एकच सांगते. तुमच्यावर रागवायलाही तुम्हीच लागता, आणि ते आता या कागदावर उरकावं लागतंय.

सोमवारच्या वर्गात, ज्या मुलांना मी हसवलं त्यांनाच समोर बसवून, तो कप कुणाचा होता आणि तसा का होता हे सांगेन. पण त्याआधी वहिनी येतील. कप मीच टबात सोडले हे त्यांना सांगेन, काही रंगवणार नाही, रडून त्यांनाच माझी समजूत काढायला लावणार नाही. त्या परत विचारतील, झाला होता का तो कप? मी तुम्हाला शब्द देते, मी सांगेन: झाला होता, वहिनी. एक नाही, नऊ झाले होते. मी हातात धरून बघितलेत. चहा सांडला नसता.

तुमची,
वीणा