दोन सावकाश, तीन भरभर

४ जून

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

शाल पोचली. एवढ्या उकाड्यात शाल कोण पाठवतं हो? पण खरं सांगते, रोज पांघरते. ह्या घरात हल्ली फार गारठा असतो.

काल कोर्टात तारीख होती. कोल्ड स्टोरेजच्या सुपरवायझरने शपथेवर सांगितलं, की थंड खोलीची आतली कडी चालू होती, हे पिऊन आत झोपले म्हणून गारठून गेले, आणि आतून कोणी दार ठोठावलंच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कडी तुटल्याचं हे रोज घरी येऊन सांगायचे! वकीलबाई म्हणतात, ठोठावणं ऐकलेला एक माणूस मिळाला तरच भरपाई, नाहीतर विसरा. भरपाई हवीच आहे, घर चालवायचंय. पण दारुडा म्हणाले हो ह्यांना!

ठोठावलं नसेल कसं? दोन सावकाश, तीन भरभर. घरीही तेच. मी मुद्दाम, कोण पाहिजे आपल्याला, असं विचारत ताटकळत ठेवायची.

हसू नका, पण ह्यांचा स्वेटर ठेवलेलं कपाट दिवस मावळताना आतून वाजतं. लाकूड फुगलं असेल ना? मी अजून उघडलेलं नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची,
वहिनी

९ जून

प्रिय वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

लाकूडच असणार. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, आणि माझ्या शालीला नावं ठेवू नकोस.

तो ठोका आमच्या लहानपणचा. मी त्याला न्हाणीघरात कोंडायची आणि तो आतून तसं वाजवायचा. म्हणून तर मी त्याला टकटक्या म्हणायची. मोठा झाला तरी खोड गेली नाही. कामावरही थंड खोलीचं दार जरासं ओढून घेऊन आतून वाजवायचा, आणि लोक धावले की दात काढायचा. मला वाटतं, त्या मेल्या सुपरवायझरने ऐकलं. ऐकलं, आणि चाललीय ह्याची थट्टा म्हणून घरी निघून गेला.

पुढच्या तारखेला मी येते. तो पुन्हा साक्षीला उभा राहिला की बाहेरून दार वाजवीन. तू फक्त त्याचं तोंड बघ. वकीलबाईंना सांगू नकोस, कायद्यात बसत नसेल.

जेवत जा गं वेळेवर. जीव लागून राहिलाय.
तुझी,
ताई

२६ जून

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

जिंकलो! तुमचे उपकार कसे फेडू? वकीलबाईंनी सुपरवायझरला विचारलं, नक्की काही ऐकू आलं नव्हतं? तो नाही म्हणतोय तोच तुमचा ठोका पडला. सगळ्यांनी ऐकला. माणूस पांढराफटक! पुन्हा पडला तेव्हा ओरडलाच, की उघडा रे कोणीतरी, त्या दिवशी मला थट्टाच वाटली होती. जज्जसाहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. भरपाई मंजूर झाली, आणि पिऊन झोपल्याचं खोटं ठरलं.

शिपाई दार उघडायला गेला, तर मूठ इतकी गार की हात चटकन मागे घेतला म्हणे. बाहेर तुम्ही नव्हता. पळालात ना चोरासारख्या? घरी तरी यायचंत. मी दोन ताटं वाढून बसले होते.

कपाट मात्र थांबत नाही. उलट जोर वाढलाय.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
वहिनी

१ जुलै

प्रिय वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

पलंगावर पडून लिहितेय, अक्षर समजून घे.

वहिनी, मी आलेच नाही. आदल्या दिवशी पायरीवरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये आहे. तू माझ्या भरवशावर तिथे बसली असशील म्हणून दिवसभर रडत होते. तुला कळवायला तोंड नव्हतं.

मला भीती वाटतेय, तरी मोठ्या नणंदेच्या हक्काने सांगते. न्हाणीघराबाहेर मी हसत उभी असायची. ठोक्यांचा जोर वाढला की समजायचं, आता हा रडायच्या बेतात आलाय. मग लगेच कडी काढायची मी. त्या दिवशी त्याची कडी कोणीच काढली नाही गं.

शाल घे आणि कपाटापाशी जा. आज कोण पाहिजे म्हणून विचारत बसू नकोस. उघड दार.

तुम्हा दोघांवर जीव असलेली,
ताई