कमानीच्या पानाचा टवका

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी मंडई, दुपारी धुणं. संध्याकाळी ह्यांचे मित्र बापूराव आले. मंगळवारी हे जाऊन वर्ष होईल, म्हणून चौकात डिजिटल बोर्ड लावणार आहेत. त्यावर ह्यांनी काढलेला शेवटचा फोटो, खाली इमारतीचं नाव.

फोटो दगडी कमानीवरच्या पानांचा. हे दर रविवारी ग्रुपवर असाच एखादा तुकडा टाकून इमारत ओळखायला लावायचे. मी कधी बोलले नाही. एकदा हे सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला घरचा उंबरा दाखवला तरी ओळखायची न्हाय." बापूराव सगळ्यात जास्त हसले होते.

आज त्यांनीच विचारलं, "वहिनी, नवा राजवाडाच की ह्यो?"

टाऊन हॉल आहे. डावीकडच्या पानाचा टवका उडालाय. फोटो काढताना उन्हात ह्यांच्यावर छत्री मीच धरली होती. तिथल्या बागेत रोज फिरणारे तो टवका लगेच ओळखतील, आणि ह्यांच्या फोटोखाली चुकीचं नाव वाचून हसतील. ह्यांना तेवढंच सहन व्हायचं नाही.

"व्हय," मी म्हणाले.

वाईट वाटतंय का? थोडं. बोर्ड उद्या छापायला जाईल, अजून फोन करता येईल. नाही करणार.

उरलेलं पिठलं गरम केलं आणि ओट्याशी उभी राहूनच खाल्लं.