डाव्या टोकाचं बाळ

सर, तुम्ही हे जग सोडून गेलात त्यानंतर मला एक मुलगी झाली होती. तुम्हाला हे कळायचं राहूनच गेलं.

तुळजापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या तासाला तुम्ही प्रसामान्य वितरण शिकवायला घेतलंत, तेव्हा पुस्तकातलं उदाहरण विजेच्या बल्बचं होतं. "बल्ब गेला तर दुसरा आणता येतोय," असं म्हणून तुम्ही फळ्यावर बाळांची वजनं मांडलीत. सरासरी अठ्ठावीसशे ग्रॅम, प्रमाण विचलन चारशे. तर बाळ सोळाशेपेक्षा कमी वजनाचं जन्मण्याची संभाव्यता किती? जळकोटहून एसटीनं येणारी मी, सगळ्यांच्या आधी उठते. सोळाशेतून अठ्ठावीसशे वजा करते, चारशेनं भागते, उणे तीन येतं, म्हणजे वक्राचं अगदी डावं टोक. तक्त्यात पाहते, हजारात एखादं. खाली ऐटीत लिहिते, 'म्हणून दुर्लक्ष करण्याजोगी.' तुम्ही खडू खाली ठेवता. "उत्तर बरोबर हाय. पण ह्यो शब्द खोड. दुर्लक्ष कोण करणार? त्याची माय?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत.

माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. वजन सोळाशेला थोडं कमी. पडल्या पडल्या मी भागाकार केला, सर. करायचा नव्हता, आपोआप झाला. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या वजनाची बाळं बी पुष्कळ जगतात, ताई." मी विचारलं, "पुष्कळ म्हणजे किती?" ते पुढच्या पेटीकडं वळले. असं बाळ किती वेळा जन्मतं एवढंच आपला तक्ता सांगतो. समोरचं जगेल का, हे त्यात कुठंच नाही. पेटीच्या भोकातून हात घातला की ती माझं बोट धरायची. मग तिच्या छातीत कफ भरला आणि एका दुपारी ती गेली. नर्सनं नाव विचारलं. आम्ही नाव ठेवलंच नव्हतं.

"झालं गेलं, आता इचार नगं करू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनाही रडताना मी पाहिलं होतं. पण नंतर घरात कुणी तिचा विषय काढला नाही. ह्यांनी नाही, माझ्या आईनंही नाही. पुढं आम्हाला मुलगा झाला. लोक मुलं किती विचारतात, तेव्हा हे पटकन "एक मुलगा" म्हणतात. तुम्ही खोडायला लावलेला शब्द आमच्या घरात असा खरा झाला.

आता मी तोच विषय शिकवते. परवा तुमचंच उदाहरण फळ्यावर घातलं. अणदूरची एक मुलगी उठली, बिनचूक सोडवलं, आणि जागेवर जाता जाता वळून म्हणाली, "मॅडम, मग ते बाळ जगलं का?"

हे पत्र टाकायला पत्ता नाही, दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. मी तिला म्हणाले, "व्हय, जगलं की."