गोलातल्या सह्या

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही जात नाही. आधी तो नगरपालिकेवर होता, मग तुमच्यावर आला, आणि आता तर माझ्याच घरात येऊन बसलाय.

तो नकाशा आठवतो ना तुम्हाला? महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. गावाचा विकास आराखडा केला म्हणे, नकाशा नगरपालिकेच्या पडवीत टांगला, आणि दवंडीवाला आळीतून ओरडत गेला की कोणाची हरकत असेल तर दोन महिन्यांच्या आत लेखी द्या. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. तुम्ही मेथीच्या जुड्या बांधायच्या सोडून मला घेऊन निघालात. स्टँडपासून एक तांबडी रेघ निघाली होती, ती सरळ आपल्या मळ्यातून बाजाराकडे जात होती. तुम्ही नकाशावर बोट ठेवून मला विचारता, "यात आपली विहीर कुठी हाय?" मी शोधतेय, शोधतेय, विहीर नाहीच. साऱ्या आळीचा भाजीपाला जिच्या पाण्यावर, पाळ्या लावून जिचं पाणी वाटून घ्यायचो, तिचं साधं टिंबही त्यांनी काढलेलं नव्हतं. तेवढ्यात आतून कारकून खेकसला, हात काढा, नकाशाला माती लागते. तुम्ही लगेच हात धोतराला पुसलात. माझ्या अंगाची लाही झाली, आणि तुम्ही मात्र त्यालाच नमस्कार करत होता.

संध्याकाळी आपल्या ओसरीवर सगळी आळी जमली. आई आत भाकरी थापत होती. तुम्ही तिची थाळी मागून घेतलीत, मोठ्या कोऱ्या तावावर पालथी घातलीत आणि पेन्सिलीनं भोवती गोल काढलात. हरकत मधोमध लिहायची आणि सह्या-अंगठे गोलावर चहूकडून घ्यायचे, म्हणजे कोणाचंच नाव वर येणार नाही. आपल्या आळीची ती रीतच होती. मागे उंद्रीला एका अर्जावर आत्याच्या नवऱ्याचं नाव पहिलं होतं, तर नेमकं त्यालाच धरून छळलं होतं. तेव्हापासून तुम्ही ती रीत धरली होती. समोरचे पिंजारी चाचा म्हणाले, "पह्यलं नाव माह्यं टाका. मी काय कोणाले भेतो का?" तुम्ही ऐकलं नाहीत. "नाही बाप्पा. राग निघाला तर तुमच्या एकट्यावर काऊन निघावा? सारे संग आहो." चाचांनी उर्दूत सही केली, शेजारी तुम्ही अंगठा दिला. मजकूर मी लिहिला, त्यासाठी तुम्ही मला शाईचा पेन आणून दिला होता. तो अजून चालतो.

मग आपण नोटिशीची वाट पाहत बसलो. सुनावणीला काय बोलायचं याची तुम्ही मोटेमागं तालीम करायचा, बैलांना ऐकवायचा! नोटीस आलीच नाही. शेवटी आपणच कचेरीत गेलो, तर कळलं की बाहेरून साहेब येऊन सुनावणी उरकूनसुद्धा गेला. कारकुनानं आपला अर्ज काढला, हातात गरगर फिरवला. "यात अर्जदार कोण? नोटीस कोणाच्या नावानं काढायची?" तुम्ही म्हणालात, सारेच अर्जदार आहो साहेब. तो हसला. कापडवाल्या शेठनं एकट्यानं अर्ज दिला होता, त्याचं नाव वर होतं, त्याला नोटीस गेली, आणि रेघ त्याच्या गोदामाला वळसा घालून गेली. आपला ताव त्यांनी दप्तरी टाकला. अन् तुम्ही त्या कारकुनाला रामराम घालून बाहेर आलात. रामराम काऊन घातला, बाबा? एवढी माणसं कागदावर उभी केलीत, त्यातलं एक नाव वर लिहिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? विहीर बुजवली त्या दिवशी तुम्ही घरातून बाहेर आला नाहीत. त्यानंतर जेमतेम दोन उन्हाळे काढलेत.

मी तेव्हाच ठरवलं होतं, असा येडेपणा आपण करायचा नाही. आता आराखडा पुन्हा झाला. तोच रस्ता रुंद करायचा, आणि नव्या नकाशात आपली ओसरी गेलेली. मी कोणाला काही बोलले नाही. तुमच्या पेनानं अर्ज लिहिला, वर एकच नाव, माझं. बरोब्बर नोटीस आली. सुनावणीला गेले तर बसायला खुर्ची दिली. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, आणि रस्ता पलीकडे सरकला. ओसरी वाचली. घरी येऊन मी चहा करून प्यायले, आणि तुमच्या फोटोकडे बघून म्हटलंसुद्धा, असं करायचं असतं.

पलीकडे चाचांच्या पोराचं घर आहे. पुढं त्याचं गाद्यांचं दुकान, मागं बायकापोरं. परवा तो आला. हातात कोरा ताव, त्यावर थाळीनं काढलेला गोल. म्हणाला, "ताई, मधात तुमी लिवा. अब्बा सांगत, अर्ज ताईच्या अक्षरातच पायजे. आळीतले सारे सही देऊन राह्यले." मी म्हटलं, मुदत संपली. खोटं नव्हतं ते. तो ताव माझ्यापाशीच ठेवून गेला, म्हणाला राहू द्या, कागद कामी येईन. काल नगरपालिकेचे लोक त्याच्या भिंतीवर पाडायच्या खुणेचा चुना मारून गेले.

हे मी त्याच तावाच्या मागच्या बाजूला लिहितेय. धाडायचं तरी कुठं? तुमच्यावर एवढी तणतणले, पण खरं सांगायचं ते राहिलंच. रस्ता आपोआप सरकला नाही, बाबा. साहेबानं विचारलं होतं, इकडून नको तर मग कुठून न्यायचा? मी उठले आणि नकाशावर पलीकडच्या बाजूला बोट ठेवलं. माझ्या हाताला माती नव्हती, म्हणून कोणी हात काढा म्हणालं नाही.